आई कामावर, बाळ कोणाकडे?

मी थळची, बचत गटांची समन्वयक. आज कर्ज, व्याज, हप्ता थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एका साध्या प्रश्नावर बोलू. आपण कामाला जातो तेव्हा आपलं लहान मूल कोणाकडे असतं?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला की उत्तर लगेच येतं. "थोरली हाय ना घरान." कुणी सांगतं सासूबाई आहेत, कुणी सांगतं शेजारीण बघते. तेवढ्यावर विषय संपतो आणि आपण पासबुकं काढतो. आज तिथे न थांबता आणखी दोन प्रश्न विचारू. ती थोरली किती वर्षांची आहे? आणि त्या वेळी तिची शाळा असते का?

काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळायचा, यावर टीव्हीवर पुष्कळ बोललं जातं. तिथे दिसते ती ऑफिसात जाणारी बाई. तीही दमतेच, तिचंही खरं आहे. पण आपल्या गावात कामाला न जाणारी बाई शोधावी लागेल. पाटी घेऊन बंदरावर जाणारी आहे, सुकी मासळी वाळवणारी आहे, अलिबागच्या बाजारात विकायला बसणारी आहे. वाडीत नारळ-सुपारीचं काम करणारी आहे. शेजारच्या गावांत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणारी आहे. मुंबईकरांच्या बंगल्यांत झाडू-पोछा आणि स्वयंपाक करणारी आहे. गावाजवळ खताचा कारखाना आला, पुढे पर्यटन वाढलं, तशा नोकरीवर जाणाऱ्याही वाढल्या. आशाताई आणि अंगणवाडीताई तर दुसऱ्यांची मुलं सांभाळायला स्वतःचं मूल घरी ठेवून निघतात. या सगळ्या कामकरी आया आहेत, मग कुणी त्यांच्या कामाला करिअर म्हणो की न म्हणो.

घड्याळ आणि भरती

आपल्याकडे अडचण कुठे येते ते नीट बघू. नोकरीला ठरलेली वेळ असते. कोळणीचं काम मात्र पाण्यावर चालतं. पौर्णिमा-अमावस्येला आपल्याकडे बाराच्या आसपास भरती भरते, दुपारी आणि रात्रीही. पुढे ती रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करायची हा जुना हिशेब आपल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. होडी भरतीच्या पाण्यावर आत आली की मासळी उतरते, लिलाव होतो, आणि बाईला त्याच वेळी तिथे असावं लागतं. मासळी थांबत नाही. तासभर उशीर झाला तर भाव पडतो, बर्फाचा खर्च वाढतो.

म्हणजे या आठवड्यात ती दुपारी बाहेर असेल, तर पुढच्या आठवड्यात पहाटे. अंगणवाडी सकाळी काही तास असते, शाळेचीही वेळ ठरलेली. आईच्या कामाची वेळ रोज सरकते आणि मूल सांभाळणाऱ्या जागा सरकत नाहीत. या दोन्हींच्या मधे जी फट पडते, त्या फटीत घरातलं कुणीतरी उभं करावं लागतं. बहुतेक वेळा ती थोरली मुलगी असते.

बंगल्यावरच्या कामाचं गणित वेगळं आहे. तिथे शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना काम वाढतं, आणि नेमकी रविवारी आणि सुट्ट्यांना शाळा आणि अंगणवाडी बंद असते. कांद्याच्या हंगामात दिवसभर बसून काम असतं. म्हणून एकाच वेळेचं पाळणाघर काढून थळच्या सगळ्या आयांची सोय होणार नाही. आधी कुणाची वेळ कोणती आहे ते मांडून बघावं लागेल.

किंमत कोण देतं?

"ताई सगळं सांभाळते हो" असं आपण एखादीचं कौतुक करतो. पण सगळं सांभाळायला लागणारे तास आभाळातून पडत नाहीत. भारत सरकारच्या सांख्यिकी विभागाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण किती मिनिटं कशात घालवतं, एवढंच त्यात विचारलं होतं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्त. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी ८८ मिनिटं निघाली, म्हणजे दीड तासाला दोन मिनिटं कमी. हे पाणी भरणं, स्वयंपाक, धुणी-भांडी यांचं झालं. मुलांची आणि आजाऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वेगळा मोजतात.

आता आपला दिवस मांडा. घरकामाचे पावणेपाच तास, मासळीचे किंवा बंगल्याचे सहा-सात तास, वर जाण्या-येण्याचा आणि मिनिडोरची वाट बघण्याचा वेळ. दिवस २४ तासांचाच आहे. मग तास कुठून काढायचे? पहिला मार्ग म्हणजे आईने झोप कमी करायची. दुसरा म्हणजे सासूबाईंनी गुडघे दुखत असतानाही नातवामागे धावायचं. तिसरा म्हणजे थोरलीने शाळा बुडवायची. बाहेरून तोल सांभाळलेला दिसतो, पण त्याची किंमत घरातलं कुणीतरी देत असतं.

यातली सगळ्यात महाग किंमत तिसरी आहे, कारण ती पुढची चाळीस वर्षं फेडावी लागते. आमच्या एका गटातल्या ताईने बर्फाच्या पेटीसाठी कर्ज घेतलं. धंदा चांगला चालला. आधी एक पाटी विकायची, ती दोन विकू लागली. हप्ते वेळेवर आले, वहीत एकही लाल शेरा नाही. त्याच काळात तिची सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत दिसेनाशी झाली, कारण घरी दीड वर्षाचा भाऊ होता. आईचा त्यात काय दोष? ती मुलांसाठीच राबत होती. पण गटाच्या वहीत नफा दिसत होता आणि मुलीची बुडलेली शाळा कुठेच दिसत नव्हती.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुला-मुलीला शाळेचा हक्क त्याने दिला. भावंड सांभाळायला घरी थांबलेली मुलगी हा हक्क रोज थोडा थोडा गमावते. सातवीत बुडलेलं गणित आठवीत समजत नाही, नववीत भीती बसते आणि दहावीच्या आधी शाळा सुटते. मग आपण म्हणतो, हिला अभ्यासात गोडीच नव्हती.

बोर्डीने काढलेला मार्ग

हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. आपल्याच कोकण किनाऱ्यावर, उत्तरेला डहाणू तालुक्यात बोर्डी नावाचं गाव आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी तिथे गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. ताराबाई त्या काळच्या बी.ए. होत्या आणि पतीपासून वेगळं झाल्यावर मुलीला वाढवत त्यांनी नोकरी केली होती. काम आणि मूल दोन्ही एकदम ओढायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांच्या लक्षात आलं की गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येतच नाहीत. मग त्यांनी बालवाडीच वस्तीवर नेली, कुणाच्या तरी अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. मुलं गुरं राखायला रानात जायची, तर शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

आजच्या विषयाला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे त्यांची विकासवाडी. मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडं असतात, हे बघून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईने बाळाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. मुलीला शाळेत आणायचं असेल तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय आधी करावी लागते, एवढा सरळ हा विचार होता.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आहार, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण हे सगळं त्यातून मिळालं. पण दिवसभर बाळ सांभाळणारी जागा बहुतेक गावांत झालीच नाही.

कायद्यात आपल्यासाठी काय आहे

नोकरीवर असलेल्या आणि वर्षभरात किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते. कायदा १९६१ चा होता. २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्याच सुधारणेने ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. तुमची सून-मुलगी कंपनीत, रिसॉर्टमध्ये किंवा खाजगी शाळेत असेल तर तिला हे सांगा. ठेकेदाराकडे असली तरी विचारायला सांगा.

पाटीवाल्या आणि बंगल्यावर जाणाऱ्या बायकांना मात्र ही रजा कोण देणार? त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. अर्जाला आशाताई किंवा अंगणवाडीताई मदत करतात. गरोदरपणाची नोंद लवकर झाली पाहिजे, ती राहिली की पुढचं सगळं अडतं. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या बायकांची त्यात नोंदणी होते.

केंद्राच्या 'मिशन शक्ती'मध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायचं, अशी तिची कल्पना आहे. आपल्याकडे ती यावी असं वाटत असेल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्या. तोंडी मागणीची नोंद राहत नाही, अर्जाची पोच घ्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलेलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली, तर त्या मजूर बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. माती उचलणं जसं काम, तसं मूल सांभाळणंही काम, आणि कामाला दाम. आपल्या गटाने हे तत्त्व उचलायला हरकत नाही.

गटाने काय करायचं

मघाच्या ताईच्या गटाने काय केलं ते सांगते. बैठकीत विषय निघाला तेव्हा गल्लीतल्या लहान मुलांची मोजणी झाली. त्याच गल्लीतल्या आणखी चार घरांत हीच तऱ्हा होती. मासळीचं काम आता झेपत नाही म्हणून घरी असलेल्या एका मावशींना विचारलं. त्या तयार झाल्या, पण दोन अटींवर. मुलं चारच्या वर नकोत, आणि पैसे रोजच्या रोज. त्यांचा ओटा मोठा आहे आणि जवळ विहीर नाही. चार आयांनी चार मुलं त्यांच्याकडे सोडली. पाचव्या घरी सासूबाई आणि कामावरून लवकर येणाऱ्या दीरांची पाळी लागली. सातवीतली ती मुलगी पुन्हा रोज शाळेत जाऊ लागली. मधला अभ्यास भरून काढायला तिला अजून त्रास होतो, हेही खरं.

तुम्हाला असं काही उभं करायचं असेल तर या गोष्टी आधी ठरवा.

पहिली, वेळ. कोणती आई कधी बाहेर असते ते महिन्याच्या कागदावर लिहा. मासळीवाल्या असतील तर दिनदर्शिकेतली तिथी बघून भरतीची वेळ काढा आणि पाळी त्यावर लावा. बंगल्यावाल्यांची पाळी शनिवार-रविवारची. दोघींच्या वेळा वेगळ्या असतील तर त्या एकमेकींची मुलं बघू शकतात, पैशाचा व्यवहारही लागत नाही.

दुसरी, दाम. समजा चार आयांनी रोज ४० रुपये दिले, तर सांभाळणाऱ्या मावशींना १६० रुपये होतात. एखादीला रोज देणं जमत नसेल तर गटाने अंतर्गत निधीतून आधार द्यावा की नाही, हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. "म्हातारी घरीच असते, तिला कशाला पैसे" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. फुकटची सेवा चार दिवस चालते, पाचव्या दिवशी पुन्हा थोरलीला हाक जाते.

तिसरी, सुरक्षा. आपल्या वाड्यांत विहिरी आणि हौद आहेत, पलीकडे समुद्र आहे. पाण्यात बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सांगते, त्यात लहान मुलांना पाण्यापासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवणारी जागा हा एक मुख्य उपाय आहे. दहा-बारा वर्षांची मुलगी ही मोठं माणूस नव्हे. ती खेळात रमली, पुस्तकात गुंतली तर तो तिचा गुन्हा नाही. तेव्हा जागेला फाटक हवं, विहिरीवर जाळी हवी, चूल आणि रॉकेल लांब हवं. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि प्रत्येक आईचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला हवा.

चौथी, दूध. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं, पाणीसुद्धा नाही, हे आशाताई सांगते. मग कामाला जाणाऱ्या आईने काय करावं? दूध हाताने काढून ठेवता येतं. हात साबणाने धुवायचे, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध काढायचं, झाकायचं आणि सावलीत थंड जागी ठेवायचं. साध्या हवेत ते साधारण चार तास टिकतं. आपल्याकडच्या उकाड्यात तेवढं थांबू नका, आधीच पाजा. फ्रीज असेल तर जास्त वेळ टिकतं. बाळाला वाटी-चमच्याने पाजायचं, बाटली टाळायची, कारण ती नीट साफ होत नाही. उरलेलं उष्टं दूध पुन्हा देऊ नका. पहिल्या वेळी दूध कमी निघालं म्हणून घाबरू नका. आशाताईसमोर एकदा काढून बघा, ती पद्धत दाखवील.

असं काम बायकांनी एकत्र येऊन मोठ्या प्रमाणावरही केलं आहे. गुजरातमध्ये 'सेवा' संघटनेच्या बायकांनी पाळणाघरांसाठी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि पाळणाघराची वेळ आयांच्या कामाच्या वेळेवर ठेवली. आपण एका ओट्यापासून सुरुवात करू शकतो.

आणि बाप?

इतका वेळ आई, सासू, मावशी, मुलगी यांचीच नावं घेतली. नाखवा कुठे आहे? होडीवर असताना तो घरी नसतो, हे मान्य. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हे ६१ दिवस. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला-सांधायला काढलेली. याच दिवसांत शाळा सुरू होतात. बाळाला आंघोळ घालणं, भरवणं, झोपवणं हे सगळं बाप या दोन महिन्यांत शिकू शकतो. जाळ्याची गाठ मारणाऱ्या हातांना लंगोटाची गाठ जड नाही. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली तरी तो किनाऱ्यावर असेल तेव्हा बाळ त्याच्याकडे जाईल, कारण तोवर बाळाला त्याची सवय झालेली असेल.

घरात यावरून भांडण करायची गरज नाही. बसून विचारा, "थोरलीने किती दिवस शाळा बुडवली, माहीत आहे का?" पुष्कळ बापांना तो आकडा माहीतच नसतो. आकडा कळला की बोलणं सोपं होतं.

पुढच्या बैठकीसाठी काम

आपल्या गटात कर्जाची मागणी आली की आपण विचारतो, धंदा कोणता, रक्कम किती, फेड कशी. त्यात आता आणखी एक प्रश्न घाला. काम वाढल्यावर बाळ कोणाकडे राहणार? उत्तर लिहून घ्या. उत्तर "थोरली" असेल तर कर्ज नाकारू नका. पैसे त्या ताईच्या हक्काचे आहेत. फक्त त्याच बैठकीत बाळाची सोय ठरवा आणि तीही इतिवृत्तात घ्या. दर तीन महिन्यांनी हप्त्याबरोबर मुलीच्या शाळेचंही विचारा.

आणि कुठली ताई बैठकीला बाळ घेऊन आली, ते रडलं, तर तिला बाहेर जायला सांगू नका. जिच्या मांडीवर जागा असेल तिने घ्या.

तुमच्या गटाने काही सोय केली असेल, मग ती एका ओट्याची असो की एका शेजारणीची, आम्हाला कळवा. पुढच्या भागात ती इतर गटांना ऐकवू.